औंढ्याच्या वाटेवर

प्रवास करावयाचा तो काशीचा, नाहीं तर बिऱ्हाडच बरें, असें मानणारी मंडळी आपल्या घराघरांतून आहेत. हिंगोलीहून औंढ्यास जाणें याला कोणी प्रवास म्हणणार नाहीं, हें आम्ही जाणून आहों. परंतु गेल्या चैत्रांत आम्हांला ही वाट एका निराळ्या कारणानें करावी लागली. आमचा पुतण्या मेलबर्नला असतो. दादा गेल्यापासून वहिनींना कायमचें तिकडे नेण्याचा त्याचा आग्रह होता. वहिनी अखेर एवढेंच म्हणाल्या, "एकदां नागनाथ घडव, मग ने कोठें तें." वैशाखांतलें तिकीट निघालें आणि मोटार दारांत उभी राहिली.

बरोबर बारा वर्षांचा नातू होता. सुटींत आईबापांबरोबर त्यानें तिकडचे लांब लांब रस्ते पाहिलेले. कॉफ्स हार्बर येथें १९६४ पासून रस्त्याच्या कडेला एक प्रचंड पिवळें केळें उभें आहे, आणि गंडागाई गांवाजवळ शिदोरीच्या पेटीवर बसलेल्या कुत्र्याचा पुतळा १९३२ पासून आहे, असें त्यानें मोठ्या हौसेनें सांगितलें. "कुत्र्याचा पुतळा!" वहिनी म्हणाल्या. आम्हांला मात्र त्यांत हंसण्यासारखें दिसलें नाहीं. शिदोरीची राखण करणाऱ्याला लोक मान देतात, यांत वावगें काय?

प्रथम नर्सीला गेलों. कयाधूच्या तीरीं नामदेवांचें हें जन्मस्थान (जन्म १२७०). पंडितांचे याविषयीं निरनिराळे पक्ष आहेत, आम्ही ते मांडूं लागलों, तों वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, वाद तुम्ही घाला, मी पाया पडून येतें." नामदेवांचीं ६१ पदें शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबांत आहेत, म्हणून येथें गुरुद्वाराही आहे. तें पाहतांच नातू ओरडला, "आजोबा, हें तर आमच्या मेलबर्नलाही आहे!" त्याच्या मुलखांतली खूण त्याला नर्सीला सांपडेल, हें आमच्या ध्यानींमनींही नव्हतें.

परत फिरून औंढ्याचा रस्ता धरला. शेताशेतांतून हळद उकडून वाळत घातलेली. पूर्वीं मोठाल्या कढयांत उकडीत, आतां लोखंडी पिंपांत वाफेवर शिजवितात. तो कोंदट, मातकट वास मोटारींत शिरला. याच जिल्ह्यांतील वसमतच्या हळदीला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें आहे. एका खळ्यावर वहिनींनीं पांच हळकुंडें मागून घेतलीं व पदराला बांधलीं. विमानतळावर शेतमालाची झडती फार कडक असते, असें पुतण्यानें दोनदां बजावलें. गांठ सुटली नाहीं.

औंढ्याच्या परिसरांत दुधाळ्याकडे गुरुत्वलहरी टिपणारी 'लायगो'ची वेधशाळा उभारण्याचें ठरलें असून केंद्रीय मंत्रिमंडळानें त्यासाठीं २०२३ सालीं सुमारे २६०० कोटींचा खर्च मंजूर केला. काटकोनांत चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, त्यांत लेसरचे किरण. अशाच यंत्रांनीं अमेरिकेंत २०१५ सालीं दोन कृष्णविवरांच्या मीलनाची लहर प्रथम टिपली. तें मीलन घडून सुमारे १३० कोटी वर्षें लोटलीं होतीं. लहरीनें नळीच्या लांबींत पडणारा फरक प्रोटॉनच्या सहस्रांशाहूनही सूक्ष्म, म्हणून भोंवतीं आगगाड्यांचा, कारखान्यांचा हादरा नको. जमीन शांत हवी. हें सर्व आम्हीं यथामति विशद केल्यावर वहिनी म्हणाल्या, "म्हणजे आमच्याकडे कांहीं घडत नाहीं, म्हणून तें इकडे आलें!" याहून नेमकें विवेचन आम्हांला करतां आलें नसतें.

औंढ्याला उन्हें तापलीं होतीं. स्तोत्रांतील दारुकावन हेंच, असा आमचा पक्ष. द्वारकेजवळचे आणि अल्मोड्याकडचे लोकही तोच मान सांगतात. बाहेरील कोरीव काम पाहतांना नातवाला नामदेवांची कथा सांगितली: पुजाऱ्यांनीं कीर्तनाला मज्जाव केला, नामदेव मागें जाऊन गाऊं लागले, आणि देऊळच त्यांच्याकडे वळलें, म्हणून नंदी पाठीमागें राहिला. "पण मग पाया कसा फिरला?" त्यानें विचारलें. आम्हीं त्याला सभामंडपांत ढकललें.

येथील लिंग भुयारासारख्या गाभाऱ्यांत आहे. वाट अरुंद, उतार खडा, छत डोक्याला लागणारें. वहिनींनीं तोंडाशीं उभें राहून एक पाय खालीं सोडला, पुन्हां वर घेतला. पुतण्या म्हणाला, "मी धरतों, आई." त्यांनीं मान हलविली. गुडघे ऐकणार नव्हते, आणि मागें माणसांची रांग खोळंबली होती. दोन महिन्यांपासून त्या या एका दर्शनावर अडून बसल्या होत्या, आणि देव खालीं दहा हातांवर होता.

त्यांनीं परडींतील बेल नातवाच्या ओंजळींत दिला. "तूं जा. माझें नांव सांग."

तो घामाघूम होऊन वर आला. "आजी, खालीं खूप गरम आहे. मी हात लावला. नांव मराठींतच सांगितलें." वहिनींनीं त्याचा ओला तळहात दोन्ही डोळ्यांना लावला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मागचे लोक कांहीं बोलले नाहींत.

नंदी पाहावयाचा राहिला होता, म्हणून मग आम्ही सगळे देवळाच्या पाठीमागें गेलों.