फौजी चाचांच्या घरचे कागद

दरवर्षी ७ डिसेंबर जवळ आला की शाळेत ध्वजदिनाच्या छोट्या झेंड्यांचे पाकीट येते. १९४९ पासून हा दिवस पाळला जातो. आम्ही वर्गावर्गातून निधी जमवतो आणि तो सैनिकांच्या कल्याणासाठी जातो. त्या दिवशी मी मुलांना अब्दुल हमीद यांची गोष्ट सांगते. १९६५ च्या लढाईत खेमकरणला जीपवरच्या तोफेने पॅटन रणगाडे उडवणारे, मरणोत्तर परमवीर चक्र मिळवणारे हवालदार. मुलांना ती पाठ आहे, तरी पुन्हा मागतात. पण आपल्या गल्लीत फौजेत कोण होते, असे विचारले की वर्ग गप्प.

अकोल्यात आमच्या मोहल्ल्यात एक फौजी चाचा होते. १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची, शाल, श्रीफळ. दोन वर्षांपूर्वी त्यांचा इंतकाल झाला. जनाजा मोठा निघाला, तीन दिवस शेजारच्या घरांतून जेवण गेले. चाची इद्दतला बसल्या, चार महिने दहा दिवस. आणि तेवढ्यात पेन्शन बंद झाली.

ती बंद होणारच असते. पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतनासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. त्याला मृत्यूचा दाखला, चाचांच्या पेन्शनचा आदेश, आधार, बँकेचे खाते लागते, आणि नाव सगळीकडे एकच असावे लागते. गाडी इथेच अडली. फौजेच्या नोंदीत चाचींच्या नावापुढे 'बी', आधारवर 'बेगम', बँकेत 'बानो'. चाचांचे नाव तर आपल्या वऱ्हाडी रीतीचे: आधी शेख, मग स्वतःचे नाव, पुन्हा शेख, मग वडिलांचे. कुठे एक शेख गळालेला, कुठे स्पेलिंग बदललेले. एका टेबलावर चाचींच्या मुलाला विचारले गेले, "या बायका किती?" तो घरी येऊन रडला.

सगळ्यांना जोडणारा कागद एकच, निकाहनामा. तोही उर्दूत, काझीसाहेबांच्या घसटीच्या अक्षरात, घडीवर फाटलेला. दोन संध्याकाळ बसून मी तो मराठीत उतरवला. मग वकिलाकडून प्रतिज्ञापत्र झाले. पण खरी धावपळ केली ती चाचांच्या पलटणीतल्या एका जुन्या सोबत्याने. दर्यापूरकडचे हे मराठा हवालदार दर आठवड्याला एसटीने येत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कोणता अर्ज, कोणता शिक्का, हे त्यांना ठाऊक. दाराच्या पडद्याबाहेरूनच म्हणायचे, "वहिनी, फिकर करू नोका, मी हावो ना."

या काळात किराणावाल्याने उधारी ठेवली. मशिदीच्या जमातने बैतुलमालातून मदत देऊ केली, तर चाचींनी ती परत पाठवली. "वो मुहताजों का है. मेरा तो हक है, वही दिला दो." मला वाटते त्यांचेच बरोबर होते. सातव्या महिन्यात, अल्हमदुलिल्लाह, थकबाकीसह रक्कम खात्यात आली.

ज्या घरात माजी सैनिक आहेत, त्या भगिनींना एवढेच सांगेन की, ते हयात असतानाच पेन्शनच्या नोंदीतले तुमचे नाव आधारशी ताडून घ्या. फरक असेल तर अर्ज त्यांच्याच सहीने जाऊ द्या. निकाहनाम्याचे भाषांतर करून ठेवा. घरपट्टीचेही विचारा. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा यांना एका घरापुरती माफी देणारी योजना राज्यात २०२० पासून आहे. आमच्या चाचींना ती शेजारणीकडून कळली, इतक्या उशिरा!

यंदा झेंड्यांसोबत मी मुलांना घरी विचारून यायला सांगितले. तीन घरे निघाली. चौथे अमरावतीला, माझ्या माहेरच्या गल्लीत. तिथले मामू हसून म्हणाले, "आपा, मैं अभी जिंदा हूँ." मग पेटी उघडून त्यांनी निकाहनामा माझ्यासमोर ठेवला. मामींच्या नावात एक अक्षर जास्त होते.