हरवलेला बाण

२०२३ साली साताऱ्याच्या अदिती स्वामीने वयाच्या सतराव्या वर्षी बर्लिन येथे कंपाउंड तिरंदाजीचे जागतिक विजेतेपद मिळवले, आणि रायपूरच्या समता कॉलोनीतील आमच्या परसात नातीची शरसाधना सुरू झाली.

चुकलेला बाण फार दूर जात असेल, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात तो जमिनीलगत येऊन गवताखाली सरपटत शिरतो. पिसेसुद्धा दिसत नाहीत. त्याच्या वाटेला आडवे दांताळे हळूहळू ओढत शोधावे लागते. एका सायंकाळी कंटाळून मी म्हटले, "राहू दे, भात्यात अजून आहेत."

"नको आजोबा, कुणाच्या तरी पायात जाईल," ती म्हणाली. तो सापडेपर्यंत तिने दुसरा बाण सोडला नाही.

मुंडकोपनिषदात प्रणव हे धनुष्य, आत्मा हा बाण आणि ब्रह्म हे लक्ष्य मानले आहे. हे रूपक मी वर्षानुवर्षे शिकवले. पण चुकलेल्या बाणाचे दायित्व कोणाचे, हा प्रश्न मला कधी पडला नाही. उमेदीच्या काळात एका कवीच्या पहिल्याच संग्रहावर मी परीक्षण लिहिले होते. वाक्ये चमकदार होती, निर्णय चुकीचा होता. पुढे त्याची कविता कुठे दिसली नाही. मीही शोध घेतला नाही. माझ्या भात्यात वाक्ये पुष्कळ होती.

तो संग्रह मी आता पुन्हा वाचायला घेतला आहे. हळूहळू, ओळीला आडवे जात.