बंदी तिकडे, दरवाजा इकडे



प्रतिक्रमणात सातव्या व्रताच्या वेळी आपण पंधरा कर्मादानं म्हणतो. इंगालकम्मे, वणकम्मे... जीभ इतकी सरावलेली असते की शब्द कधी आला नि गेला कळतही नाही. वणकम्मे म्हणजे जंगलतोडीचा धंदा. श्रावकाने ज्यावर पोट भरू नये अशा धंद्यांत त्याचा नंबर दुसरा. आपल्या घरात तर कुणी जंगल तोडत नाही, मग हा शब्द आपल्यासाठी नाहीच, असं वाटतं. शिवाय आता जंगल राखायला सरकार आहे, बंदी आहे.

बंदी घातली की जंगल वाचलं, हा हिशेब सरळ दिसतो. पण थायलंडचं वाचलं तेव्हा तो मला जुळेना.

१९६१ मध्ये थायलंडची निम्म्याहून जास्त जमीन जंगलाखाली होती. १९८८ पर्यंत हे प्रमाण जेमतेम २८ टक्क्यांवर आलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दक्षिणेकडच्या नाखोन सी थम्मरात भागात मुसळधार पाऊस झाला. उघड्या पडलेल्या डोंगरांवरून चिखल सुटला आणि त्याच्याबरोबर कापलेले ओंडकेही गावांवर येऊन आदळले. शेकडो माणसं गेली. लोकांचा संताप एवढा होता की जानेवारी १९८९ मध्ये सरकारने नैसर्गिक जंगलातल्या लाकूडतोडीचे परवाने रद्द केले.

पण तिथल्या लाकडाच्या गिरण्या, फर्निचरचे कारखाने आणि गिऱ्हाइकं होती तशीच होती. लाकूड हवंच होतं. थायलंडचे लष्करप्रमुख डिसेंबर १९८८ मध्येच रंगूनला जाऊन आले होते. त्यानंतर सीमेपलीकडची ब्रह्मदेशातली जंगलं थाई कंपन्यांना तोडीसाठी मिळाली. आम्हा कॉमर्सवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर खर्च कमी झाला नाही, शेजाऱ्याच्या खात्यावर टाकला गेला.

पुढे ब्रह्मदेशालाही तेच करावं लागलं. एप्रिल २०१४ पासून त्यांनी अख्खे ओंडके बाहेर पाठवायला बंदी घातली. २०१६ मध्ये वर्षभरासाठी देशभरातली तोड थांबवली आणि सागासाठी प्रसिद्ध असलेल्या बागो योमा डोंगरांत तर दहा वर्षांसाठी. ते ओंडके घेणाऱ्या देशांत भारत अगदी वरच्या नंबरात होता. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाने मंजूर आराखड्याबाहेरची जंगलतोड थांबवली होती. चांगलंच झालं. पण आपल्या इमारती वाढतच राहिल्या आणि बाहेरचं लाकूड बंदरांवर उतरत राहिलं.

हे सगळं शोधायला मला भाग पाडलं एका कोटेशनने. आमच्या महिला मंडळाने स्थानकाचा मुख्य दरवाजा करून द्यायचं ठरवलंय. जमाखर्च माझ्याकडे असतो. कोटेशनवर लिहिलं होतं, 'बर्मा टीक, एक नंबर'. मी मिस्त्रींना विचारलं, "लाकूड कुठून येतं?" ते म्हणाले, "वखारीतून." वखारीत फोन केला. ते म्हणाले, "बंदरातून." त्यापुढचं कुणालाच माहीत नव्हतं.

मीटिंगमध्ये एक भाभी म्हणाल्या, "अगं, झाड तर आधीच कापलेलं आहे. आपण कुठे कापायला सांगितलं?"

प्रश्न रास्त आहे. पण तीन करणं आपल्याला लहानपणापासून शिकवली आहेत: करणं, करवणं आणि करणाऱ्याला अनुमोदन देणं. सरकारची बंदी पहिल्या करणाला अडवते, तेही आपल्या हद्दीपुरतं. उरलेली दोन आपल्या हातात राहतात. वखारीतलं एक लाकूड विकलं गेलं की वखारवाला दुसरं मागवतो. धंदा असाच चालतो. म्हणजे आपण पैसे मोजतो तेव्हा पुढच्या झाडाची ऑर्डर देत असतो. चतुर्दशीला आपण मेथीची जुडी घेत नाही, मग सागाच्या अख्ख्या झाडाबद्दल एक प्रश्न विचारायला काय हरकत आहे?

बंदी नकोच, असं माझं म्हणणं नाही. ती नसती तर थायलंडचं उरलेलं जंगलही टिकलं असतं असं मला वाटत नाही. पण बंदीची झळ कुणाला बसली तेही बघायला हवं. ओंडके ओढणारे हत्ती बेकार झाले. माहूत त्यांना घेऊन बँकॉकच्या डांबरी रस्त्यांवर भीक मागत फिरू लागले. जंगलातला जीव वाहनांच्या गर्दीत आला. झाडं वाचवताना या पंचेंद्रिय जीवाच्या चाऱ्याचा आणि त्या माहुताच्या भाकरीचा विचार आधी व्हायला हवा होता.

आमच्या दरवाजासाठी मी दुसरा पर्याय मांडला आहे. पाडलेल्या वाड्यांच्या तुळया आणि चौकटी जुन्या बाजारात मिळतात. ते सागवान चांगलं मुरलेलं असतं, सहसा वाकत नाही आणि त्यासाठी नवं झाड पडत नाही. त्यावर लगेच, "स्थानकाला जुनं लाकूड? लोक काय म्हणतील?" असं झालं. काही जणी माझ्याशी जरा तुटकपणेच बोलतात हल्ली. निर्णय पुढच्या मीटिंगमध्ये होईल. बहुमताने बर्मा टीकच ठरलं तर चेक मीच लिहीन, कारण पैसा मंडळाचा आहे, माझा नाही. पण माझा विरोध इतिवृत्तात नोंदवायला सांगणार आहे.

तुमच्याकडेही कुणाचा फ्लॅट, कुणाचं देरासर, कुणाचं स्थानक होतच असेल. लाकूड घेण्याआधी वखारवाल्याला दोनच गोष्टी विचारा. हे लाकूड कुठल्या देशातल्या कुठल्या जंगलातलं? आणि ते बिलावर लिहून द्याल का? पहिल्याला उत्तर मिळेलही कदाचित. दुसऱ्याला काय मिळतं ते मला नक्की कळवा.