जपण्याची रीत

मंचरच्या बाजारपेठेतील एका जुन्या घराच्या माडीवर, कपाटाच्या आडोशाला, एक काळी पेटी अकरा वर्षे उभी होती. पेटीत गिटार होती. घरातील धाकटा भाऊ पुण्याच्या एका वाद्यवृंदात ती वाजवीत असे. त्याच्या निधनानंतर थोरल्यांनी पेटीला कुलूप घातले आणि किल्ली दुकानाच्या गल्ल्यात ठेवून दिली. थोरले बियाण्यांचे व्यापारी; हिशेबाला चोख, बोलण्यात तोकडे. दर दिवाळीला वहीपूजनाच्या दिवशी ते पेटीवरची धूळ स्वहस्ते पुसत. कुलूप मात्र कधी उघडले गेले नाही.

यंदा धाकट्याची मुलगी शिक्षण संपवून घरी आली आणि म्हणाली, “मोठे काका, मला बाबांची गिटार शिकायची आहे.” किल्ली देण्यास थोरल्यांनी दोन दिवस घेतले. पेटी उघडताच कापूर आणि आम्ल यांचा मिसळलेला उग्र दर्प खोलीत पसरला.

ही गिटार नेहमीच्या गिटारीसारखी सपाट पोटाची नव्हती. तिचे पोट व्हायोलिनप्रमाणे कमानदार होते आणि घोडीच्या दोन्ही बाजूंना इंग्रजी एफ अक्षरासारखी ध्वनिछिद्रे होती. जोधपूरचे ब्रिजभूषण काबरा यांनी याच घराण्यातील गिब्सन सुपर ४०० ही गिटार मांडीवर आडवी घेऊन तिच्यावर रागसंगीत वाजविले. पंडित शिवकुमार शर्मा आणि पंडित हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह १९६७ साली निघालेली त्यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका धाकट्याची फार आवडती होती.

तारांच्या खालच्या अंगाला एक निमुळती पट्टी होती. हिला पिकगार्ड म्हणतात. वाजविणाऱ्याच्या नखीचे ओरखडे लाकडावर उठू नयेत आणि बोटांना टेकू मिळावा, हे तिचे काम. कमानदार पोटावर सपाट पट्टी चिकटविता येत नाही आणि चिकटविली तर लाकडाचे कंपन दबते. म्हणून ती पोटापासून थोडी उचलून, एका टोकाला दांडीजवळ आणि दुसऱ्या बाजूला कडेच्या धातूच्या कंसावर अधांतरी बसवितात. गिब्सन कंपनीच्या अशा जुन्या पट्ट्यांवर १९०९ च्या पेटंटचा शिक्का आढळतो. धाकट्याच्या गिटारीत आवाज विजेकडे सोपविणारा पिकअप आणि त्याची बटणेही या पट्टीवरच बसविलेली होती.

पट्टी कासवाच्या पाठीसारखी तपकिरी-पिवळी दिसत होती. थोरल्यांनी पहिला प्रश्न विचारला, “हे खरे कवच तर नाही ना?” मुलीने त्यांना निश्चिंत केले. ते सेल्युलॉइड होते. हस्तिदंताच्या बिलियर्ड चेंडूंना पर्याय शोधताना अमेरिकेत १८७० च्या सुमारास जॉन वेस्ली हयाट यांनी नायट्रेट केलेला सेल्युलोज आणि कापूर यांपासून ते सिद्ध केले. पुढे कंगवे, चष्म्यांच्या चौकटी, वाद्यांच्या पट्ट्या यांत कासवाच्या कवचाची जागाही त्याने घेतली. मुक्या जिवांवरचा एक भार त्यामुळे हलका झाला.

परंतु सेल्युलॉइडला स्वतःचे आयुष्य असते. जुने झाले की ते तडकते आणि त्यातून आम्लयुक्त वायू सुटतो. बंद पेटीत त्या वायूला वाट नव्हती. पिकअपच्या आवरणावर हिरवा थर चढला होता, तारा गंजल्या होत्या, खुंट्यांचा धातू काळवंडला होता. मुलगी म्हणाली, “पट्टी बदलावी लागेल, काका.”

“नाही,” थोरले म्हणाले. “तिच्यावर त्याच्या हाताच्या खुणा आहेत.”

खुणा खरोखरच होत्या. तीस वर्षांच्या वादनाने पट्टीवर बारीक ओरखड्यांचे जाळे उमटले होते. मुलीने वाद घातला नाही. तिने फक्त गंजलेली तार त्यांच्या हाती दिली आणि सांगितले, “बाबांच्या खुणा पट्टीवर आहेत, पण पट्टी आता गिटारच खाते आहे.”

थोरल्यांनी त्या रात्री काही उत्तर दिले नाही. कोठारात ओल लागलेले एक पोते वेळीच बाजूला काढले नाही तर थप्पी हातची जाते, हे त्यांना कोणी शिकविण्याची गरज नव्हती. वस्तूचा घसारा ते दरवर्षी वहीत लिहीत आले होते. या एका वस्तूचा मात्र त्यांनी कधी मांडला नव्हता. पहाटे ते माडीवर गेले, पट्टीवर पातळ कागद ठेवला आणि लहान मुले नाण्यावर करतात तशी हलक्या हाताने पेन्सिल फिरविली. काळ्या छायेत एकेक ओरखडा पांढरा उमटला.

मग दोघे घोड नदी ओलांडून नारायणगावला गेले. विठाबाईंच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या तमाशापंढरीत पेट्या आणि ढोलक्या दुरुस्त करणारे एक वृद्ध कारागीर होते. त्यांनी जुन्या पट्टीचा आकार कागदावर उतरविला, तीन मिलिमीटर जाडीच्या काळ्या ॲक्रिलिकमधून नवी पट्टी कापली, कडा कानशीने आणि पॉलिशपेपरने गुळगुळीत केल्या. पिकअप स्वच्छ करून नव्या पट्टीवर बसविला, तारा पुन्हा डाग देऊन जोडल्या.

पहिल्याच सुरावर झणझण उठली. मुलीचा चेहरा पडला. कारागिरांनी शांतपणे कंसाच्या टोकाशी बोट लावले, आवाज थांबला. कंस सैल होता आणि पट्टी पोटाला टेकत होती. त्यांनी बनातीची चकती घातली, नट अर्धा फेरा फिरवून पट्टी किंचित उचलली. अधिक उचलली असती तर हात तारांना अडखळला असता. पुढचा सूर निर्मळ उमटला.

जुनी पट्टी घरात ठेवणे सुरक्षित नव्हते. सेल्युलॉइड झपाट्याने पेट घेते. पुण्यात २००३ साली याच जातीच्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून कित्येक जुने चित्रपट नष्ट झाले. थोरल्यांनी ती पट्टी स्वतः मुलीच्या हाती सोपविली आणि योग्य रीतीने तिची विल्हेवाट लावण्यास सांगितले. पेन्सिलीचा कागद त्यांनी चालू वर्षाच्या वहीत, पहिल्या पानाच्या मागे ठेवला.

आता सायंकाळी दुकान बंद झाले की माडीवरून अडखळत शिकणारे सूर खाली येतात. पेटीचे कुलूप थोरल्यांनी बियाण्यांच्या कोठाराला लावले आहे. तेथे त्याची गरज होती.