ललिताबाईंचा डोळा

ललिता पवार हे आमच्या बुलढाणा जिल्ह्यात विशेषनाम नव्हतेच, सामान्यनाम होते. व्याकरणाचे मास्तर काहीही म्हणोत. प्रत्येक आळीत एक तरी ललिता पवार असायचीच. सोयरीक जुळवायला आलेली मंडळी मुलाचे शिक्षण, कोरडवाहू किती, ओलिताची किती, उन्हाळ्यात विहिरीला पाणी टिकते का, हे सगळे विचारून झाले की जाता जाता शेजारणीला हळूच विचारायची, "सासू कशी आहे हो? ललिता पवार तर नाही ना?" शेजारीण बोलायची काहीच नाही. नुसता एक डोळा बारीक करायची. सोयरीक मोडायला तेवढे पुरे होई.

तंबूतल्या सिनेमाला आम्ही जायचो तेव्हा बायकांची बाजू बघण्यासारखी असे. हीरॉइन रडायला लागली की पदर डोळ्याला, आणि ललिताबाई पडद्यावर आल्या की तोच पदर कमरेला! माझी चिखलीची आत्या तर पहिल्या रांगेत मांडी ठोकून पडद्याशी सरळ भांडायची. "काहून छळते वं त्या लेकराले? तुह्यं वाटोळं होईन!" हे त्यातले त्यात छापण्यासारखे. शिव्या हाच खाष्ट सासूचा मेहनताना धरला, तर ललिताबाईंइतकी श्रीमंत नटी आपल्याकडे दुसरी झाली नसेल.

आणि गंमत म्हणजे या बाई सासू व्हायला सिनेमात आल्याच नव्हत्या. १९१६ साली जन्म, गाव नाशिक जिल्ह्यातले येवले, नाव अंबा. पोरवयातच मूकपटात तोंडाला रंग लागला आणि पुढे चांगल्या हीरॉइन झाल्या. १९३२ च्या 'कैलाश' या मूकपटाच्या तर निर्मितीतही त्यांचा वाटा होता. आमच्याकडच्या बायका ज्या वयात चुलीपुढे बसून फुंकणी फुंकत, त्या वयात ही येवल्याची पोर सिनेमा काढत होती!

मग आले १९४२ साल. 'जंग-ए-आझादी'चे शूटिंग. प्रसंग थपडेचा होता. मारायची होती भगवानदादांनी. ती खोटी मारायची ती खरी बसली. नुसती बसली नाही, तोंडाची एक बाजू लुळी पडली आणि डाव्या डोळ्याची शीर फुटली. तीन वर्षे औषधपाणी चालले. त्यातून बाई बऱ्या झाल्या. डावा डोळा मात्र लहान झाला तो झालाच. वय पुरते तिशीचेही नव्हते, आणि हीरॉइनचे काम संपले.

दुसरी कोणी असती तर येवल्याला जाऊन पैठणीच्या दुकानावर बसली असती. ललिताबाईंनी तोच डोळा कामाला लावला. 'प्रभात'च्या 'रामशास्त्री'त १९४४ साली त्या आनंदीबाई झाल्या. 'ध'चा 'मा' करणाऱ्या बाईचा चेहरा कसा असेल, याची महाराष्ट्राला तेव्हापासून पुन्हा कल्पना करावी लागली नाही. पुढे 'दहेज', मग 'जंगली'. 'जंगली'त तर घरात हसायचीच बंदी! आमच्या आत्याला ही आई मात्र पटली होती. तिच्या मते पोरे दात काढतात तिथे दूध उतू जाते.

पण खरा घोटाळा केला तो 'अनाडी'ने. त्यातली मिसेस डिसा म्हणजे तोंडाने खेकसणारी आणि मनाने लोण्यासारखी घरमालकीण. भेसळीच्या औषधाने ती मरते तेव्हा आत्याने दोन्ही पदर ओले केले; स्वतःचा आणि शेजारणीचा. या कामाला 'फिल्मफेअर'चे बक्षीसही मिळाले. पण ही तीच बाई, हे आत्या मान्यच करीना. "हे ते नोहे. हे तिची बहीण असंन. सख्ख्या बहिणीत असते असा फरक." 'श्री ४२०'मधली केळीवाली कोण, असे मी विचारले, तर म्हणाली, "तिसरी!"

१९८७ च्या जानेवारीत दूरदर्शनवर रामानंद सागरांचे 'रामायण' सुरू झाले. आत्याच्या ओसरीत दर रविवारी टीव्हीला हार, पुढे उदबत्ती, आणि अर्धी आळी जमिनीवर. एक पोरगा अँटेना धरून माळवदावर. अयोध्येचा राजवाडा जरा स्थिर झाला, आणि पाठीला कुबड घेऊन मंथरा आली.

"देवाच्या घरातबी घुसली का ही बया? विझवा रे ते उदबत्ती!"

तेव्हा कॉलेजातल्या एका भाच्याने आत्याला थपडेची हकीकत सांगितली. सिनेमाची साप्ताहिके तो अभ्यासाच्या पुस्तकांपेक्षा मन लावून वाचत असे, त्याचा हा एवढाच उपयोग झालेला मला आठवतो. आत्या ऐकत राहिली. कैकेयीचे काय झाले तिकडे लक्षच नाही.

"मंग त्या मारनाऱ्याचं काय झालं?"

"तो? तो हीरो झाला, आत्या. १९५१ ला 'अलबेला' काढला. काय चालला! अजून लोक त्याच्यासारखे नाचतात."

"वा रे न्याव! मारनारा हीरो, आन् मार खानारी सासू!"

भगवानदादांनी काही मुद्दाम मारली नव्हती आणि पुढे त्यांचेही दिवस फिरले, हे आम्ही सांगून पाहिले. पण आत्याच्या कोर्टात अपील नव्हते. पुढच्या रविवारी तिने स्वतः उदबत्ती लावली. मंथरा आली की पोरांना दटावायची, "गप बसा रे, बाई बोलून राह्यली."

२४ फेब्रुवारी १९९८ ला ललिताबाई पुण्यात गेल्या. पेपर चिखलीत पोचला तेव्हा आत्या खाटेवर होती. मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झालेले, डोळ्यावर हिरवी पट्टी, तीही नेमकी डावीकडे. नातीने बातमी मोठ्याने वाचून दाखवली आणि वर म्हणाली, "आजी, आता तूच ललिता पवार."

आत्याने पट्टीवरून हात फिरवला. "तिनं एवढ्याशा डोळ्यावर साऱ्या हिंदुस्थानच्या सुना धाकात ठेवल्या. मले पट्टी निघाल्यावर दोन होतीन, पन या घरातल्या दोघी आयकतीन तं शपथ!"