कूलंटचं वय

आमच्या कराडच्या बाजूला कूलंट म्हणजे लडाखकडं जाणाऱ्या गाड्यांची चैन, असं मानणारी माणसं अजून भेटतात. इथं पाणी कधी गोठत नाही, मग रेडिएटरात नळाचं पाणी घातलं तर बिघडलं कुठं, असं ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. माझ्या जुन्या डिझेल बोलेरोची जी कामं मी घरी करतो, त्यांत कूलंट बदलण्याचं काम मला सर्वांत प्रिय आहे, त्यामुळं या प्रश्नाला उत्तर द्यायला मी कधीही तयार असतो.

कूलंट म्हणजे पाणी, इथिलीन ग्लायकॉल आणि थोडी गंजरोधक द्रव्यं. उष्णता वाहून नेण्याचं काम त्यातलं पाणीच करतं, आणि त्या कामात पाण्याला तोड नाही. ग्लायकॉल पाण्याचा उत्कलनबिंदू वर नेतं. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल हे मिश्रण उघड्या भांड्यात १०६-१०७ अंशांच्या आसपास उकळतं. रेडिएटरचं झाकण साधारण एक बारचा दाब धरून ठेवतं, त्यामुळं गाडीत तेच मिश्रण १२५च्या पुढं जाईपर्यंत शांत राहतं. उणे ३७ अंशांपर्यंत ते गोठत नाही हेही खरं, पण त्याचा उपयोग आपल्याला नाही. आपल्या कामाचे ते वरचे अंश, आणि त्याहून कामाची ती गंजरोधक द्रव्यं. इंजिनात बिडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियम, तांबं, सोल्डर, रबर असं सगळं एकाच ओल्या वाटेवर बसवलेलं असतं. वेगवेगळे धातू एकाच पाण्यात भिजले की त्यांच्यात विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होतो आणि त्यांतला दुबळा धातू झिजायला लागतो. हे थांबवणारी द्रव्यं कूलंटात अगदी थोडी असतात आणि ती हळूहळू संपतात.

नेमकं हेच लोकांच्या लक्षात येत नाही. इंजिन ऑइल किती किलोमीटरला बदलायचं हे सगळ्यांना तोंडपाठ असतं, कारण ऑइल धावण्यानं झिजतं आणि काळं पडून तसं सांगतंही. कूलंट मात्र गाडी शेडमध्ये उभी असली तरी म्हातारं होत राहतं. गंजरोधकं धातूवर बसून खर्च होतात, ग्लायकॉलची उष्णतेनं आणि हवेनं हळूहळू आम्लं बनतात, आणि रंग बहुतेक वेळा आहे तसाच हिरवा नाहीतर गुलाबी राहतो. बाटलीत डोकावून 'अजून छान दिसतंय की' म्हणणाऱ्याची चूक नाही. दिसण्यासारखं त्यात काही नसतंच. जुन्या पद्धतीचं सिलिकेटवालं कूलंट दोनेक वर्षांत दमतं, सेंद्रिय आम्लांवर चालणारं नवं पाचेक वर्षं टिकतं. मीटरवरचा आकडा कितीही कमी असो, वर्षं मोजायलाच हवीत.

पाण्याबद्दल मी थोडा हट्टी आहे. आपल्या काळ्या कातळातल्या विहिरींचं आणि बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. अंघोळीच्या बंबात जे पांढरं कवच धरतं, तेच इंजिनात धरतं, आणि तेही जिथं धातू सर्वांत तापलेला असतो तिथं, म्हणजे हेडच्या आतल्या अरुंद वाटांत. क्षाराचा थर उष्णता अडवतो. आतला धातू तापत राहतो, पण काटा मोजतो ते पाणी, त्यामुळं काटा जागेवरच. आमच्याकडं उसाच्या हंगामात ट्रॅक्टरला रेडिएटरचं पाणी कमी झालं की जवळच्या पाटातून बादली भरून ओततात. वेट लायनरच्या, म्हणजे सिलिंडरची नळी बाहेरून थेट पाण्यात भिजते अशा, डिझेल इंजिनात याचा आणखी एक तोटा आहे. प्रत्येक स्फोटाला लायनर सूक्ष्म थरथरतो, त्याच्या बाहेरच्या अंगाला बुडबुडे बनतात आणि फुटतात, आणि फुटताना लोखंडाला बारीक खड्डे पाडतात. चांगल्या कूलंटातली रसायनं तिथं संरक्षक पापुद्रा धरतात. साधं पाणी धरत नाही. एक दिवस लायनरला आरपार भोक पडतं, पाणी ऑइलमध्ये उतरतं, आणि इंजिन खोलण्याचा खर्च नेमका कारखान्याचं बिल येण्याआधी येतो. मी हे सगळ्यांना सांगतो. काहीजण ऐकतात.

म्हणून मी डिस्टिल्ड वॉटर वापरतो, बॅटरीचं पाणी म्हणून कॅनमध्ये मिळतं ते. आरओचं पाणी चालेल का असं पुष्कळजण विचारतात. त्यात थोडे क्षार राहतातच, शिवाय चवीसाठी काही यंत्रं ते परत मिसळतात. ते पिण्यासाठी चांगलं आहे.

कुंभार्ली घाट चढताना पूर्वी वळणावळणाला बॉनेट उघडलेल्या गाड्या दिसायच्या, शेजारी पाण्याचा डबा आणि खांद्यावर टॉवेल टाकून वाट बघणारा ड्रायव्हर. मोटारीचा जन्मच तसा झालेला आहे. १८८८ साली बर्था बेंझ नवऱ्याची गाडी घेऊन दोन मुलांसह मॅनहाइमहून फोर्त्सहाइमला गेल्या, शंभरेक किलोमीटर. ते इंजिन पाणी वाफ होऊन उडाल्यानंच थंड राहायचं, त्यामुळं वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरावं लागलं. पाणी न उडवता फिरवत ठेवायची युक्ती पुरती जमली ती १९०० साली, विल्हेल्म मायबाखनं मर्सिडीजसाठी ८०७० बारीक चौकोनी नळ्यांचा मधपोळ्यासारखा रेडिएटर बनवला तेव्हा. आजचा रेडिएटर त्याचाच वंशज. घाटातल्या उघड्या बॉनेटा आता कमी झाल्या, आणि त्याबरोबर रेडिएटरकडं बघायची सवयही गेली.

आता प्रत्यक्ष काम. हत्यारं फार लागत नाहीत: पाना, पक्कड, एक पसरट टब, नरसाळं, मोजमापाच्या खुणा असलेला कॅन, हातमोजे. लागते ती सवड. गॅरेजमध्ये हे काम घाईत होतं याचा मी मिस्त्रींना दोष देत नाही. गाडी गार होण्याची वाट बघायची, तापवायची, परत गार होऊ द्यायची, आणि हे पुन्हा पुन्हा करायचं; दारात गाड्यांची रांग असलेल्या माणसानं हे करावं तरी कसं? वाट बघण्याची मजुरी कुणी देत नाही. शेजारचा मुलगा मला एकदा म्हणाला, "काका, नुसतं पाणी बदलायला दोन दिवस?" दोन दिवस लागतातच, आणि तेवढ्याचसाठी मी हे घरी करतो.

पहिली वाट रात्रभराची. गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नाही, फडकं धरूनसुद्धा नाही. आत ११० अंशांवर शांत असलेलं पाणी दाब सुटताच एकदम वाफ होऊन उसळतं आणि तोंड-हात भाजून काढतं. सकाळी वरचा होज पाइप हाताला गार लागला की मग झाकण. ते हातात घेऊन बघावं. त्यात दोन झडपा असतात, एक दाब वाढला की कूलंट बाजूच्या बाटलीत सोडणारी, दुसरी इंजिन गार होताना ते परत आत घेणारी. रबर कडक झालं असेल तर झाकण बदलावं. एवढ्याशा वस्तूवर सगळ्या कूलंटचा उत्कलनबिंदू टिकून असतो.

बाहेर टाकण्याआधी जुन्या कूलंटची तपासणी मी कधी चुकवत नाही. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावायचा, काळी तार बॅटरीच्या ऋण टोकाला, लाल तार धातूला न टेकवता कूलंटमध्ये बुडवायची. ०.३ व्होल्टच्या पुढं आकडा जात असेल तर गंजरोधकं संपत आली असं मी धरतो. प्रयोगशाळेची अचूकता यात नाही, पण रंगावर विसंबण्यापेक्षा कितीतरी बरं. शेजारच्या त्या मुलालाही हे दाखवलं, कारण आकडा वर चढलेला दिसला की पुढं समजवावं लागत नाही.

रेडिएटरच्या खालचा कॉक प्लास्टिकचा असतो. बोटांनी सोडायचा, बोटांनीच बंद करायचा, पाना लावायचा नाही. टबात काय पडतंय ते नीट बघावं. तपकिरी रंग गंजाचा. तेलाची साय तरंगत असेल तर काम तिथंच थांबवून हेड गॅस्केट नाहीतर ऑइल कूलरकडं बघावं लागेल. घट्ट, लिबलिबीत चोथा निघाला तर कुणीतरी दोन जातींची कूलंट एकत्र केली असण्याची शक्यता मोठी. रंगावरून जात ओळखता येत नाही. हिरवं, लाल, निळं हे ज्या त्या कंपनीचं ठरलेलं, सगळ्यांनी मिळून पाळलेला नियम नव्हे. गाडीच्या पुस्तिकेत जो प्रकार लिहिलाय तोच घ्यावा.

मग धुणं. डिस्टिल्ड वॉटर भरायचं, हीटर पूर्ण गरमवर ठेवायचा म्हणजे त्याच्या कोअरमधूनही पाणी फिरतं, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवायचं, गार होऊ द्यायचं, सोडायचं. टबातलं पाणी नितळ होईतो हेच. जुन्या गाडीत धुण्याची तिखट रसायनं घालायला मी तयार नसतो. कधीकधी वर्षानुवर्षांचा क्षारच एखादं बारीक छिद्र बुजवून बसलेला असतो.

भरताना हिशेब चुकतो तो इथं. समजा गाडीत एकूण आठ लिटर मावतात. कॉकमधून पाचच निघतात. तीन लिटर ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये अडकून राहतात, आणि आता ते धुण्याचं निव्वळ पाणी आहे. अशा वेळी तयार मिश्रण पाच लिटर ओतलं तर ग्लायकॉलचं प्रमाण एकतीस टक्क्यांवर येतं. म्हणून मी कॉन्सन्ट्रेट घेतो: एकूण क्षमतेच्या निम्मं, म्हणजे चार लिटर, आधी ओतायचं, मग उरलेल्या जागेत डिस्टिल्ड वॉटर. दोन दिवस गाडी चालली की रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब ठेवून प्रमाण बघायचं. 'जास्त घातलं तर जास्त चांगलं' असं यात नाही. ग्लायकॉल वाढलं की मिश्रणाची उष्णता वाहण्याची ताकद कमी होते.

यानंतर हवा काढायची. वाटेत कुठंतरी, बहुधा हीटरच्या उंच होजमध्ये, हवेचा गोळा अडकतो. हेडजवळ हवा अडकली तर तिथला धातू कोरडा तापतो. गाडीचं तोंड चढाकडं, मागच्या चाकांना दगड, झाकण उघडं ठेवून इंजिन थंडच सुरू करायचं, आणि वरचा होज हळूहळू दाबत राहायचं. बुडबुडे येतात, पातळी उतरते, भर घालायची. मधेच खालचा होज एकदम गरम लागतो. त्याचा अर्थ थर्मोस्टॅट उघडला, आतलं मेण वितळून फुगलं आणि झडप सरकली. साधारण ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान हे होतं. या मेणाच्या गोळीबद्दल मला फार आदर आहे, आणि 'आपल्या हवेत हिची गरज नाही' म्हणून ती काढून फेकण्याची जी पद्धत आपल्याकडं आहे तिचा मनापासून राग येतो. ती काढली की इंजिन त्याच्या तापमानाला पोचायला फार वेळ घेतं, डिझेल जास्त पितं, ऑइलमधला दमटपणा उडत नाही. इंजिनाला थंड ठेवणं हे कूलंटचं काम नव्हेच. ठरलेल्या तापमानावर ठेवणं हे काम आहे.

सोडलेलं कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये, लगेच. ग्लायकॉलची चव गोड असते, आणि अंगणात उघडा टब दिसला की कुत्रं-मांजर ते चाटतं. शरीरात त्यातून ऑक्झॅलिक आम्ल बनतं, कॅल्शियमशी जुळून त्याचे खडे मूत्रपिंडात बसतात आणि जनावर मरतं. लहान मुलाचंही तेच होऊ शकतं. सांडलेला थेंब मी पाण्यानं पसरवत नाही, माती टाकून टिपून घेतो. गटारात तर नाहीच. आमच्या गटारांचा उतार कोयना-कृष्णेकडं आहे, आणि जुन्या कूलंटात तांब्या-शिशाचा अंश असतो. सांडपाण्यावर प्रक्रियेची सोय असलेल्या सर्व्हिस सेंटरला विचारून, वर नाव लिहिलेला कॅन मी तिथं पोचवतो. ते नेहमी आनंदानं घेतात असं नाही. आग्रह धरावा लागतो.

पुढच्या काही दिवसांत बाटलीतली पातळी थोडी उतरते, उरलीसुरली हवा निघते, तेव्हा गार इंजिनावर भर घालायची. शेवटी बॉनेटच्या आतल्या बाजूला मी एक चिकटपट्टी लावतो आणि तिच्यावर कूलंटची जात, प्रमाण आणि तारीख लिहितो. किलोमीटर लिहीत नाही. जुनी गाडी घ्यायला जाणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं असतं, की टायर आणि रंग बघून झाले की मालकाला कूलंट कधी बदललं ते विचारा, आणि त्यानं वर्ष सांगितलं नाही तर किमतीतून ते काम वजा करून मगच बोला.