फोर्टातली फुलांची देवी

चिखलीहून मुंबईला जाणं होतं ते बहुधा लग्नकार्याला, नाहीतर दवाखान्याच्या कामाला. अशा फेरीत तासभर मोकळा मिळाला, तर मैत्रिणींनो, बोरीबंदरहून, म्हणजे आताच्या सीएसएमटीहून, फ्लोरा फाउंटनपर्यंत पायी जा. पंधरा मिनिटांची तर वाट!

कारंज्याच्या माथ्यावर उभी आहे ती फ्लोरा, रोमन लोकांची फुलांची देवी. युरोपातले कुंभार अशा देवींच्या छोट्या मूर्ती मातीच्या घडवीत. झिलईत कथलाचं भस्म मिसळून दुधासारखा पांढरा लेप देत, त्यावर रंग भरून भट्टीत भाजत. रंग झिलईतच मुरे.

मुंबईची फ्लोरा मात्र पोर्टलंड दगडाची, १८६४ सालची. आराखडा नॉर्मन शॉ यांचा, कोरीवकाम जेम्स फोर्साइथ यांचं. पुढे तिच्यावर रंगाचे थरावर थर चढले. वरून चकचकीत, पण दगडातली ओल आतच कोंडलेली! ते थर काढून केलेली डागडुजी २०१९ साली पुरी झाली, आणि मूळ दगड पुन्हा दिसू लागला.

शेजारीच हुतात्मा स्मारक आहे. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी इथेच संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. तिथं क्षणभर थांबल्याशिवाय मात्र परतू नका.

आणि हो, दारातलं दगडी वृंदावन यंदा दिवाळीला ऑइलपेंटनं रंगवायचा बेत असेल, तर जरा हात आवरा. चुन्याची सफेदीच बरी; ती ओल बाहेर पडू देते.